सातव्या खाचेतली चकती

१

शनिवारी सकाळी सात वाजता लू केसिंजर माझ्या दारात हॉर्न वाजवायची, आणि मी अजून दुसरा बूट शोधत असायचो. अठरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. गाडी ती चालवणार, थर्मासमधली कॉफी मी सांभाळणार, आणि दोघं मिळून कॅन्ससच्या सपाटीवर कुठल्यातरी गेलेल्या माणसाचं शेत गाठणार, जिथे त्याच्या उभ्या आयुष्याचं सामान लिलावासाठी गवतावर मांडलेलं असे. लोक ट्रॅक्टर बघायला यायचे. आम्ही चकत्या बघायला जायचो.

चकत्या म्हणजे पोकर खेळताना पैशांच्या जागी टेबलावर टाकतात त्या चिप्स. त्यातही आम्हाला फक्त फौजी क्लबांतल्या हव्या असत. प्रत्येक छावणीत एक अधिकाऱ्यांचा क्लब आणि एक सार्जंटांचा, प्रत्येकाच्या चकत्या निराळ्या, आणि बहुतेकांवर नावाचा पत्ता नाही. आमच्या छावणीत जुगार चालतो असं कोण लिहून देणार? मग ओळखायचं ते ठशावरून, कडेच्या नक्षीवरून, टेबलावर पडल्यावर होणाऱ्या आवाजावरून. मी शाळेत सुतारकामाचा मास्तर होतो, तीस वर्षं पोरांना रंधा धरायला शिकवलं. वस्तू हातात घेतली की ती किती हातांनी झिजवली आहे हे मला कळतं. लू म्हणायची, "बरं झालं तू लग्न केलं नाहीस, वेंडेल. बायकोचीही झीज मोजत बसला असतास."

तिचं काय, ती सार्जंटची विधवा. वीस वर्षं नवऱ्याबरोबर छावण्या हिंडलेली. अधिकाऱ्यांचं नाव काढलं की नाक मुरडणारी.

माझ्याकडे चारशेच्या वर चकत्या होत्या, पण हा सगळा खटाटोप मी एकीसाठी मांडला होता. ती गडद हिरवी, एका बाजूला सोनेरी कंदील आणि दुसऱ्या बाजूला सात आकडा. एकोणीसशे एकोणसत्तर साली माझा थोरला भाऊ लेलँड व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर घेऊन उडाला तो परत आलाच नाही. हेलिकॉप्टर सापडलं, तो सापडला नाही. फौजेने त्याचं सामान खोक्यात घालून घरी पाठवलं: दाढीचा वस्तरा, पट्टा, मीच लिहिलेली दोन पत्रं आणि ही चकती. आईने ते खोकं चार दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून जेवली. पुढे सरकारने लेलँडला मृत ठरवलं. आईने मरेपर्यंत ठरवलं नाही, आणि मीही नाही. तो गेला की कुठे जिवंत आहे, एवढंच मला कळायला हवं होतं. सांगणारं माणूस कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्या चकतीलाच विचारत बसलो.

आमच्या संग्राहकांच्या मंडळाची एक 'अनोळखी' यादी असते. जिचा क्लब कोणालाच सांगता आलेला नाही, ती चकती त्या यादीत जाते. माझी तिथे एकोणीस वर्षं पडून होती. 'हिरवी, कंदील, सात. एकच ज्ञात नमुना.'

२

दोन हजार चार सालच्या सप्टेंबरातल्या त्या शनिवारी आम्ही एका म्हाताऱ्या कोठीवाल्याच्या शेतावर गेलो. फोर्ट हॅलमच्या कोठारात त्याने नोकरी केली होती. ती छावणी केव्हाच मोडली, क्लबची इमारतही पाडली, आणि पाडताना ज्याला जे उचलता आलं त्याने ते उचललं. बरण्या, करवती आणि जुने रेडिओ यांच्यामध्ये मला अक्रोडाच्या लाकडाची एक चपटी पेटी दिसली. सांधे असे बसवलेले की मी आधी सांध्यांवरूनच बोट फिरवलं. मग झाकण उघडलं.

आत हिरव्या बनातीवर पाच-पाचच्या दोन ओळी. दहा गोल खाचा, नऊ चकत्या. सगळ्या गडद हिरव्या, सगळ्यांवर सोनेरी कंदील. सातवी खाच रिकामी.

"लू!" मी ओरडलो. "पळत ये!"

"एकाहत्तर वर्षांची आहे मी. चालत येईन."

ती आली, आत डोकावली आणि तिने झाकण लावलं. तिने पेटी उलटी केली. खाली पितळी पट्टी होती: अधिकाऱ्यांचा क्लब, फोर्ट हॅलम.

"हॅलम," मी म्हणालो. "अगं, हॅलम! आमच्या घरापासून चाळीस मैलांवर! लेलँड तिथे होताच, पण मला वाटलं चकती उडायला शिकवतात तिथली असेल, म्हणून एकोणीस वर्षं मी टेक्सास धुंडाळलं, जॉर्जिया धुंडाळलं..."

"तोंड मीट," लू दातांतल्या दातांत म्हणाली. "तो टोपीवाला तुझ्याकडे बघतोय. चेहरा असा ठेव की पेटीत तुला खिळे ठेवायचेत."

मला कुठला चेहरा ठेवायला जमतोय! लिलाववाल्याने तोंड उघडायच्या आत माझा हात वर गेला. टोपीवाल्याने दोनदा बोली लावली आणि मग माझ्याकडे बघून सोडून दिलं. मला वाटतं, त्याला माझी दया आली.

घरी येताना मी सारखा झाकण उघडून बघत होतो. लू दोन वेळा हसली आणि एकदा तिने डोळे पुसले.

माझ्या चकत्या तळघरात असत. खाली एक सुताराचं लांब टेबल, एक स्टूल, भिंतीला खण, वरच्या बाजूला जमिनीलगतची अरुंद खिडकी. लूने आधी पेटीचे फोटो घेतले, झाकण उघडं, झाकण बंद, प्रत्येक चकती दोन्ही बाजूंनी. मी सूक्ष्ममापीने एकेक मोजून वहीत लिहिली. नवव्या चकतीपर्यंत येईतो मी प्रत्येक पुन्हा उजेडात धरून बघत होतो, कारण त्या कोऱ्या होत्या. कडा धारदार, नक्षीत मळ नाही, सोनं जसंच्या तसं. या चकत्यांवर कधी डाव झालाच नव्हता.

मग मी लेलँडची चकती तिच्या काचेच्या डबीतून काढली. संच पुरा करण्यासारखं सुख आमच्या लोकांना दुसरं नाही. ती सातव्या खाचेत ठेवली, आकडा वर, कंदील खाली. 'टक्' असा आवाज झाला आणि ती अशी बसली की नखही आत जाईना.

"दहा," लू म्हणाली. "झालं तुझं काम, मास्तर."

दुपारचे साडेतीन वाजले होते. वेळ मी वहीत लिहिली. मला इतका आनंद झाला होता की मी त्या एकाहत्तर वर्षांच्या बाईला कंबरेला धरून टेबलाभोवती एक फेरी नाचवली.

३

रविवारी दीडच्या सुमारास चर्चहून आलो, कोट न काढताच तळघरात गेलो. आदल्या रात्री मंडळाच्या निम्म्या लोकांना फोन करून झाला होता. आता त्यांना पाठवायला मापं नीट उतरवून घ्यायची, एवढंच काम होतं.

पहिली चकती मोजली. दोन दशांश मिलिमीटरने लहान भरली. दुसरी तेवढीच लहान. तिसरी थोडी जास्त.

मी हसलो. म्हटलं, वय झालं सूक्ष्ममापीचं, आणि माझंही. खणातल्या जुन्या चकत्या मोजून पाहिल्या, त्या होत्या तेवढ्याच होत्या. मग वाटलं, तळघरात दमट असतं, चकत्यांत चिकणमाती असते, काहीतरी आकसत असेल. पण दमट हवेत वस्तू फुगते, आकसत नाही. हे मी पोरांना दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवत आलो होतो.

भिंग घेतलं. कडा गोल झाल्या होत्या. एका ठिकाणी घासल्याने होतात तशा नाहीत, चहूबाजूंनी सारख्या, हातात खेळवल्याने होतात तशा. अशी झीज व्हायला वर्ष लागतं. तिसऱ्या चकतीच्या नक्षीत बोटांचा मळ होता. आणि चौथीवर पांढरे कण होते, बारीक. मी जीभ लावून बघितली. मीठ होतं. खारे दाणे खाल्लेल्या बोटांचं असतं तसं.

सातवी मात्र तशीच होती, धारदार, माझ्या डबीत पस्तीस वर्षं जपलेली.

मी वर आलो, मागचं दार बघितलं, पुढचं दार बघितलं. दोन्हींना कुलपं होती. स्वतःलाच सांगितलं की काल घाईत चुकीचं लिहिलं असणार, आनंदात माणूस काहीही लिहितो. सॅन्डविच करून खाल्लं आणि उत्तर दिशेच्या खिडकीत उभं राहून कितीतरी वेळ नुसतं बाहेर बघितलं.

४

सोमवारी लू खिमा-राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन आली. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात, शाळेच्या जेवणापासूनची सवय. तिने शनिवारचे फोटो छापून आणले होते. मी ते टेबलावर पसरले आणि तिला पेटीकडे न्यायच्या आधी चार घास खायला बसलो, कारण ती म्हणाली, "जेवल्याशिवाय मी कुठलंही भूत बघणार नाही."

"मी भूत म्हटलेलं नाही. मी झीज म्हटलं."

"तुझ्या तोंडून 'झीज' ऐकलं की मला भूतच बरं वाटतं."

बारा वाजून पाच मिनिटं झाली असतील. खालून आवाज आला.

चकत्यांचा नाद असणाऱ्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू येईल. दोन छोट्या चळती शेजारी ठेवायच्या आणि एका हाताच्या बोटांनी एकमेकींत पिसायच्या. विचार करता करता पोकर खेळणारे हे सारखं करत असतात. मातीची चकती खणखणत नाही. तिचा आवाज जाड, दबका, करकर-करकर असा येतो.

लूचा चमचा वाटीत थांबला. "वेंडेल, तुझ्या तळघरात उंदीर पोकर खेळतात का?"

तिलाही ऐकू आलं म्हणून मला आधी हायसं वाटलं. मग दुसऱ्या चळतीचा आवाज आला, आणि तिसऱ्या, जराशा हळू हाताचा. मी जिन्याकडे गेलो. लूने माझा पट्टा मागून धरला. दार उघडलं त्याच क्षणी सगळं गप्प झालं.

खाली पेटी बंद होती. झाकण उघडलं. दहाही चकत्या आपापल्या खाचेत होत्या. लूने एकेक उचलून फोटोशी ताडून बघितली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. कंदिलाचं सोनं अर्ध्यावर आलं होतं. मग मी सातवीकडे बघितलं. मी आकडा वर ठेवला होता. आता कंदील वर होता, आणि तिच्या कडेवर पहिल्यांदा जराशी झिलई आली होती.

"काढ ती तिथून," लू म्हणाली.

"संच मोडू?"

"खड्ड्यात गेला तुझा संच. काढ म्हणते ना."

पण मी काढली नाही. कारण मला भीती वाटली हे खरं असलं, तरी त्याहून जास्त आनंद झाला होता. पस्तीस वर्षं जी चकती मुकी होती, ती आता कोणाच्या तरी हातात फिरत होती. कोणाच्या, हे आता मला कळणार होतं. अशा वेळी कुठला संग्राहक संच मोडतो? माझं काळीज लहान पोरासारखं उड्या मारत होतं, आणि लू माझ्याकडे असं बघत होती जसं लिलावात त्या टोपीवाल्याने बघितलं होतं.

५

ती रागावून गेली, पण गप्प बसली नाही. मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"ऐक. हॅलमच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात दारू द्यायला एक सार्जंट होता. चेस्टर ऑटिंगर. माझा नवरा त्याला ओळखायचा. जिवंत आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. विन्स्लो गावात माजी सैनिकांच्या घरात राहतो. मी फोनवर कंदील म्हटलं, तर म्हातारा एकदम म्हणाला, 'जेवणानंतरचं टेबल.'"

मी ते दोन शब्द वहीत लिहून घेतले.

"ऐकतोयस ना, मास्तर? उद्या सकाळी साडेआठला. आणि या वेळी बूट आधी शोधून ठेव."

मंगळवारी दुपारी मी मुद्दाम घराबाहेर थांबलो होतो, गॅरेजमध्ये, रेडिओ मोठ्याने लावून. बारा ते एक. खाली काय झालं मला माहीत नाही.

६

ऑटिंगर खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली. लूने नवऱ्याचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "केसिंजर! माझ्याकडून एक शिडी नेली होती त्याने."

"ती अजून माझ्या गॅरेजात आहे," लू म्हणाली. "परत हवी का? चढणार आहेस कुठे?"

म्हातारा खूश होऊन हसला. मी पेटीचा फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. तो शनिवारचा होता, सातवी ठेवायच्या आधीचा. हसू हळूहळू ओसरलं.

"दहा पोरं होती," तो म्हणाला. "सगळे हेलिकॉप्टरवाले. रोज जेवण झालं की बारा ते एक खेळायचे. या चकत्या खेळायच्या नव्हेत, खेळायला साध्या पांढऱ्या असायच्या. या नावाच्या. प्रत्येकाची एक. आलास की तुझी तुझ्या खाचेत ठेवायची. चकती खाचेत, म्हणजे माणूस बसला, त्याला पानं वाटा. उठलास की चकती उचलायची. दुसऱ्याच्या खाचेला कोणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम."

"मग नऊ इथे कशा राहिल्या?" मी विचारलं.

"लढाईवर जायची वेळ आली तेव्हा त्यांनी ठरवलं की कोणी उचलायची नाही. डाव चालू आहे, परत येऊन पुढे खेळू. नऊ जणांनी ठेवल्या. पोरा, ते नऊच्या नऊ गेले. सात तिकडे, एक इथे रस्त्यावर मोटारीत, एक आजाराने. वर्षाच्या आत."

"आणि दहावा?"

"दहावा उंच होता. रायमर."

"मी वेंडेल रायमर. त्याचा धाकटा भाऊ."

ऑटिंगरने माझ्याकडे नीट बघितलं. "हो, नाक तेच. त्याने सगळ्यांच्या देखत आपली चकती उचलून खिशात टाकली. म्हणाला, ज्या डावातून उठता येत नाही त्यात मी बसत नाही. बाकीचे चिडले, त्याला भित्रा म्हणाले. तो म्हणाला, असेन."

लेलँडचा आवाज मला त्या वाक्यात ऐकू आला. असंच बोलायचा तो, आईशीसुद्धा.

"सार्जंट," मी म्हणालो, "तो परत आला नाही. सापडलाही नाही."

"ते मला माहीत आहे." त्याने दाराकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "मी आता कोणाला सांगितलं तर काय मोठंसं बिघडणार आहे? मला दर नाताळाला एक कार्ड येतं. त्र्याहत्तर सालापासून. नाव नाही, पत्ता नाही. शिक्का कॅनडाचा. आत शब्द नसतो, शाईने काढलेला एक कंदील असतो फक्त. तो कंदील मी आणि ती दहा पोरं सोडून कोणाला ठाऊक होता? आणि नऊ तर गेलेले."

"गेल्या नाताळात?" लूने विचारलं.

"आलं की. त्या ड्रॉवरमध्ये बघ."

मी ड्रॉवर उघडला. एकतीस कार्डं, रबरात बांधलेली. सगळ्यांत वरचं नवं होतं, आणि त्यातला कंदील थरथरत्या हाताने काढलेला होता, पण दांडी डावीकडे झुकलेली. लेलँड डावरा होता, त्याची प्रत्येक उभी रेघ तशीच झुकायची. मी ते कार्ड छातीशी धरलं आणि मोठ्याने हसायला लागलो. जिवंत होता! एकसष्ट वर्षांचा, कुठेतरी कॅनडात, थंडीत, जिवंत! आईला एक ओळ लिहिली नाहीस रे, मला लिहिली नाहीस, दारू देणाऱ्या सार्जंटला लिहिलीस. रागही आला, पण तो नंतर काढता येणार होता. समोरासमोर काढता येणार होता. लू माझ्या पाठीवर थापा मारत होती आणि तीही रडत होती.

ऑटिंगर आमचं हसणं-रडणं संपायची वाट बघत होता. मग त्याने फोटोतल्या खाचेवर बोट ठेवलं.

"ही बरी रिकामी ठेवलीस," तो म्हणाला. "ती चकती असेल ना कुठे?"

लूने माझ्याकडे बघितलं.

"पोरा," ऑटिंगर म्हणाला, "ती रिकामीच आहे ना?"

७

विन्स्लो ते माझं घर ऐंशी मैल. लूने ते सव्वा तासात तोडलं. रस्त्यात ती एकदाच बोलली. "नुसती काढायची आणि वर आणायची. दुसरं काही करायचं नाही." मी मान हलवली. मनात हिशेब मांडत होतो की शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, फक्त चार दिवस, आणि चार दिवसांत असं काय होतंय. ज्या माणसाने सूक्ष्ममापीशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, तो मी, एका लाकडी खाचेतून एक चकती काढायला मोटारीत जिवाच्या आकांताने पाय दाबत होतो, जसा काही माझ्या पायाखालीही ॲक्सिलरेटर होता.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी घराचं दार उघडलं. आवाज जिन्याच्या तोंडापर्यंत येत होता. करकर, करकर. या वेळी मी दार उघडलं तरी थांबला नाही.

"लू, तू वरच थांब."

माझ्या तळघराचा जिना अरुंद आहे, आणि मध्ये छताची तुळई आडवी येते. सहा पायऱ्या उतरेपर्यंत खालचं फक्त टेबलाच्या उंचीपर्यंतचं दिसतं. माणूस उभा असला तर त्याचा चेहरा दिसत नाही. मी पाचव्या पायरीवर थांबलो.

खिडकीतून ऊन येत होतं. दिवा लावायची गरज नव्हती. माझ्या टेबलाभोवती हात होते.

खाकी बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. उन्हाने तांबूस झालेली मनगटं, एकाच्या बोटात कॉलेजची अंगठी, एकाच्या नखाला काळं वंगण. सगळे हात पंचवीस वर्षांचे. ते निवांत होते. दाण्यांच्या बशीत हात जात होता, पान पालथं पडत होतं, बोटं चळती पिसत होती. माझ्या एकुलत्या एक स्टुलावर कोण बसलं होतं ते मला दिसत नव्हतं, पण माझ्या बाजूला त्याचा डावा हात टेबलावर पडला होता.

तो हात म्हातारा होता.

शिरा वर आलेल्या, कातडीवर तपकिरी डाग, सांधे सुजलेले. मी कठड्यावरच्या माझ्या हाताकडे बघितलं आणि पुन्हा त्याच्याकडे. तेच डाग, तीच रुंद नखं, आमच्या बाबांकडून दोघांना आलेली. करंगळीशेजारच्या बोटात लग्नाची अंगठी होती, बोटात रुतलेली, जुनी. बाही खाकी नव्हती. फिक्या निळ्या कापडाची, इस्पितळात घालायला देतात तशी. मनगटात प्लॅस्टिकची पट्टी होती. आणि हाताच्या पाठीवर, सुई लावतात तिथे, कापसाचा बोळा चिकटपट्टीने दाबून बसवलेला होता. त्यात रक्ताचा एक ठिपका होता, लाल, अजून वाळलेला नव्हता.

"लेलँड," मी म्हणालो.

सगळे हात थांबले. म्हातारा हात टेबलावरून जरासा उचलला गेला, बोटं पसरली, तळवा माझ्याकडे झाला. लहानपणी नदीच्या बर्फावर तो पुढे जायचा आणि मला मागे ठेवायचा, तेव्हा न बघता असाच हात मागे करायचा.

मग अंगठीवाल्या तरुण हाताने त्याच्यापुढे एक पान सरकवलं. त्याने थोडा वेळ घेतला, आणि ते उचललं.

मी धडपडत सहावी पायरी उतरलो. डोकं तुळईखालून बाहेर आलं. टेबल, स्टूल, भिंतीला खण. पेटी बंद होती. झाकण उघडून मी सातवीला हात घातला, आणि ती सहज निघून आली, काही खळखळ न करता. तिची कड बाकीच्या नऊंइतकीच गोल झाली होती, कंदिलाचं सोनं गेलं होतं, आणि ती गरम होती.

लू जिन्यावरून खाली आली, एकेक पायरी धरून. तिने माझ्या मुठीकडे बघितलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"काढलीस ना? बास. आता वर चल." मी हललो नाही तेव्हा ती माझ्या दंडाला धरून हळू आवाजात समजवायला लागली, जसं ती कधीच बोलत नसे. "हे बघ, ती कार्डं कोणीही पाठवलेली असतील. म्हाताऱ्याची नको ती आशा. मनाला लावून घेऊ नकोस, वेंडेल. तुझा भाऊ पस्तीस वर्षांपूर्वीच गेला रे."

"नाही," मी म्हणालो. "शनिवारी गेला. दुपारी साडेतीनला."